पानाची बरणी, मुळाची बरणी

३ तारीख, सोमवार
सातवी नोकरी! खोली फुकट, खिडकीला अख्खी काच, वर चक्क गादी. काम काय, तर बाटल्या धुवायच्या. थोरल्या बहिणीला कळलं तर म्हणेल, घरी स्वतःचं ताट कधी उचललं नाहीस. मालकीणबाई साठीच्या, एकट्या, बोलायला गोड. तळमजल्यावर त्यांची प्रयोगशाळा, वर समोरासमोर त्यांची आणि माझी खोली. एका औषधी वेलीचा अर्क काढतात. सावलीत वाळवायचं, कुटायचं, तीन दिवस स्पिरिटमध्ये भिजवायचं, मग आटवायचं. शेवटी उरतो काळा चीक, थेट डांबर. डांबराच्या कामावरही होतो मी पंधरा दिवस, तिथला मुकादम म्हणजे एक नग... असो.

५ तारीख, बुधवार
बाईंनी सगळं समजावलं. वेल एकच, पण पान राखतं आणि मूळ मारतं. पानाचा अर्क तपासणीच्या जांभळ्या पाण्यात टाकला की पाणी पिवळं पडतं, म्हणजे त्यात शरीर गंजू न देण्याचा गुण. मुळाचा अर्क पडला की जिवंत पेशी फुटून मरतात. दोन्ही चीक दिसायला जुळे भाऊ. फरक फक्त बरणीवर लिहिलेल्या नावाचा.
एक कपाट आहे, आत अंगाइतकी ऊब. त्यात चपट्या बाटलीत, गुलाबी पाण्याखाली पेशी वाढवल्यात. बाई दिवसाआड त्यांना पानाच्या अर्काचा थेंब घालतात आणि बाटलीला ‘अहो’ म्हणतात. मला हसू फुटलं. मग त्यांनीच सांगितलं, यजमानांच्या गालात गाठ होती. यजमान जाऊन नऊ वर्षं झाली, गाठ बाईंनी या बाटलीत जगवलीय.


७ तारीख, शुक्रवार
कामाआधी बोटभर पानाचा चीक चाटायचा, ही इथली शिस्त. बाई स्वतःही चाटायच्या, आता दात हलतात म्हणून सोडलंय. चीक टाळूला चिकटतो, जिभेने ओढला की शेंबडासारखा ताणला जातो. बाई म्हणाल्या, थुंकायचं नाही हं, राजा.

१० तारीख, सोमवार
माती खाल्ली. बरण्या पुसल्या, फडक्याला स्पिरिट लागलेलं. दोन्ही नावं साफ. स्पिरिटपुढे मार्करची शाई टिकत नाही, हे इथे पहिल्या दिवशी सांगतात म्हणे. सांगितलं असेलही, माझं लक्ष खिडकीबाहेर. वास घेऊन अंदाजाने नावं लिहिली. बाईंना बोललो नाही. होईल काय?

१३ तारीख, गुरुवार
तोंड सोललंय. गालाच्या आतून पांढरे, भिजलेले पापुद्रे सुटतात. एक लांब पट्टी निघाली, थुंकायच्या आत गिळली गेली.
खाली बाटलीतलं पाणी गढूळ, वर तवंग, वास कुजक्या अंड्याचा. बाई बाटली छातीशी धरून बसलेल्या. मी सगळं कबूल केलं. रागावल्या नाहीत. जांभळ्या पाण्यात दोन्ही अर्क तपासून नावं नीट लिहिली. म्हणाल्या, थोडे वाचलेत अजून. मग मला म्हणाल्या, तोंड उघड, औषध लावते. कापसाचा बोळा गालाच्या जखमेवर घासला. कोमट होता.

१५ तारीख, शनिवार
आग थांबली. चपटी बाटली आज धुण्यात आली, रिकामी. मीच धुतली. आतल्या पेशी कुठे गेल्या, विचारलं नाही.

१८ तारीख, मंगळवार
डाव्या गालात आतून वाटाण्याएवढं काहीतरी. बाई तीन-तीनदा पानाचा चीक चाटवतात, गिळेपर्यंत समोर उभ्या. थांबायला तयार नाहीत.

२१ तारीख, शुक्रवार
लिंबाएवढी. चावलं की फुटते, पिवळं येतं, पुन्हा भरते. आज तिच्यावर केस सापडला. उपटला. पांढरा. मी चोवीस वर्षांचा आहे.
पळून जाईन. पण गालात हे घेऊन? मुळाचा अर्कच मारेल हिला. तोंड पुन्हा सोललं तरी चालेल.

२२ तारीख
बाई जेवताना माझ्या डोळ्यांकडे बघत नाहीत. गालाशी बोलतात. भात मऊ केला, म्हणाल्या, यांना मऊच लागतो.

२४ तारीख
बाई अंघोळीला. खाली आलोय. दोन्ही बरण्या आहेत. नावं पुसलेली. फडकं अजून ओलं—
जांभळं पाणी ओतून दिलंय.
डावीकडची चाटली. गाठ गरम झाली. हलली. मांजर अंग घुसळतं तशी, खुशीत—
म्हणजे ती पानाची. मुळाची उजवीकडची. मूठभर घेतो—
जिन्यावर पावलं. बाईंनी हाक मारली, अहो.
मी ओठ घट्ट मिटलेत. दातही. तरी आतून कुणीतरी ओ दि—