अर्धे चेहरे

महाड,
१२ नोव्हेंबर २०२४

चि. आमोदभावजींना सरोजवहिनीचे अनेक आशीर्वाद.

इकडे सगळं ठीक. पार्सल पोचलं. रंग तुमच्या दादांना आवडले, चिवडा मला. मुंबईच्या प्रदर्शनात त्यांच्या अर्ध्या चेहऱ्यांचं कौतुक झालं, कुणी ‘अस्वस्थ करणारी चित्रं’ असं लिहिलं, हे तुमच्या चिठ्ठीत वाचलं. आणखी तशीच पाठवा म्हणता. फोनच केला असता, पण हे शेजारीच असतात.

खरं सांगू, मला ती चित्रं बघवत नाहीत. वीर स्टेशनवर रिक्षात ऐटीत बसलेली म्हैस काढणारा हा माणूस. घरात हसून हसून पुरेवाट व्हायची. गणपतीनंतर तीच म्हैस पुन्हा काढली, एका शिंगाची, दोन पायांची. मला वाटलं, नवीन खोडी.

मग शिवथरची काशीबाई, आपल्याला नाचणी देते ती, स्वतःचं चित्र परत घेऊन आली. डावीकडे कॅनव्हास कोरा.

“मास्तर, या अंगाचा डोळा नाय, कान नाय. अर्धी बाई कशाला काडलीत?”

हे काहीतरी फिरकी घेतील म्हणून मी हसायच्या तयारीत होते. त्यांनी चित्र नीट पाहिलं आणि म्हणाले, “सगळं तर आहे की, काशीबाई.” ती चहा न घेताच गेली.

तेव्हापासून लक्ष ठेवून आहे. ताटातली डावी बाजू, चटणी-कोशिंबीर, तशीच राहते आणि वर विचारतात, आज चटणी नाही का? ताट फिरवलं की चटणी सापडते, भाजी हरवते. नाते गावी गेलो तेव्हा डावीकडून आलेला टेम्पो त्यांना दिसलाच नाही. शर्ट धरून मागे ओढलं, म्हणून वाचले. डॉक्टरांचं नाव काढलं की म्हणतात, “मला काय झालंय? आमोदला विचार, माझं काम आत्ता कुठे जमायला लागलंय.”

काल चित्रासाठी मला समोर बसवलं. ते रंग कालवत होते तेवढ्यात मी मुद्दाम उठून त्यांच्या डाव्या हाताला जाऊन बसले, अगदी खांद्याशी. त्यांनी मान वर केली. रिकाम्या खुर्चीकडे बघत राहिले.

“सरोज, कुठे गेलीस?”

“इथेच आहे,” मी म्हटलं.

ते उजवीकडे वळले. दाराकडे पाहिलं, मग पुन्हा खुर्चीकडे. “आवाज येतोय तुझा,” म्हणाले.

भावजी, मी फार घाबरले आहे. आता चित्रं मागू नका. ते फक्त तुमचं ऐकतात. नव्या प्रदर्शनाचं निमित्त सांगा, हवं ते खोटं बोला, पण गाडी घेऊन या आणि त्यांना मेंदूच्या डॉक्टरांकडे न्या.

आणि घरात आलात की त्यांच्या उजवीकडून समोर या.

वाट पाहणारी,
सरोजवहिनी