भावोजींच्या दारातून परत गेलेलं पत्र

प्रिय ताई,

तुला आणि भावोजींना नमस्कार. तुझी कंबर आता बरी असेल. (नसेल तर पाण्याच्या बादल्या भावोजींना उचलायला लाव, त्यांना तसंही दुसरं कसलं ओझं नाही.) मी ठीक आहे, म्हणजे जेवतो, झोपतो आणि कॉम्प्युटर बिघडला की साहेबांच्या शिव्या खातो.

काल बाबांचं पत्र आलं. त्यांचं म्हणणं, मी तुला काहीच कळवलं नाही, त्याअर्थी स्थळ मला पसंत आहे, आणि महिनाअखेरीला ते त्या लोकांना शब्द देणार! अगं, मी नकार केव्हाच कळवलाय, कॉलेजच्या कॉम्प्युटरवरून, ईमेलने. तुमच्या शेजाऱ्यांच्या फोनवर असलं बोलायची सोय नाही (त्या काकू नेमक्या फोनजवळच भाजी निवडायला बसतात), आणि भावोजी ऐटीत म्हणाले होते, टपालाचे दिवस गेले, माझ्या ऑफिसात मेल टाक. टाकली. भोगा आता.

आमचं मशीन तुमच्या, म्हणजे भावोजींच्या ऑफिसातल्या, मशीनला ओळखत नाही. मध्ये विद्यापीठाचं मोठं मशीन आहे, सगळं त्याच्यामार्फत जातं. पत्ता लिहायच्या पद्धती दोन. एकीत वाट सांगतात: आधी मशीन, मग उद्गारचिन्ह, मग माणूस. दुसरीत आधी माणूस, मग ते ॲटचं वेटोळं, मग मशीन. कुठलीही एक धरली असती तरी भागलं असतं. पण भावोजींनी (हा माणूस तिकिटासाठीसुद्धा दोन रांगांत उभा राहतो!) दोन्ही एकत्र करून दिल्या: आपलं मशीन, उद्गारचिन्ह, स्वतः, ॲट, विद्यापीठ. आमच्या मशीनने हा पत्ता उजवीकडून वाचला आणि पत्र अख्ख्या पत्त्यासकट विद्यापीठात टाकलं. तिथल्या मशीनने तो डावीकडून वाचला आणि पत्र तुमच्याकडे धाडलं. म्हणजे ते पोचलं होतं गं! भावोजींच्या टेबलापासून दोन खोल्यांवर! पण तोवर पत्त्याची डावी बाजू वापरून संपली होती. उरलं होतं फक्त 'भावोजी, ॲट विद्यापीठ'. तुमच्या मशीनने ठरवलं की हे गृहस्थ विद्यापीठात असतात, आणि पत्र आल्या पावली परत पाठवलं. घरचाच माणूस ओळखेना! विद्यापीठात अर्थातच भावोजी सापडेनात, आणि पत्र तिथेच अडकलं.

आमचे साहेब म्हणतात चूक विद्यापीठाची, विद्यापीठ म्हणतं तुमची, आणि तुमच्याकडचे साहेब रजेवर. तिन्ही मशीन आपापल्या जागी बरोबर आहेत म्हणे. बोहल्यावर मात्र मी चढायचं.

भावोजींना यातलं काही वाचून दाखवू नकोस. छोटीला पापा.

तुझा धाकटा

ता.क. मुद्द्याचं राहिलंच. हातातलं काम टाकून बाबांकडे जा आणि त्यांना थांबव. ते तुझंच ऐकतात. माझी त्यांच्यापुढे जीभ टाळ्याला चिकटते.

ता.क. २. नकाराचं कारण विचारशील. ते त्या मेलमध्ये सविस्तर होतं. विद्यापीठाचं मशीन एक मुलगी सांभाळते. आमची पत्रं अडली की मी फोन करतो, ती सोडवते. (हल्ली ती इतकी का अडतात, ते विचारू नकोस.) मला ती फार आवडते, आणि तिला यातलं काही म्हणजे काही ठाऊक नाही, असंही मी लिहिलं होतं.

ता.क. ३. अडलेलं पत्र मशीन सांभाळणाऱ्यापुढे उघडं पडतं, हे मात्र माझ्या ध्यानातच आलं नाही. आत्ता ते तिच्याकडून परत आलंय. वर तिने लिहिलंय, 'पत्ता दुरुस्त करा. बाकी मजकूर मला मान्य आहे.'