मिरचीच्या मैदानावर दोन मोटारी

आश्विन शुद्ध तृतीया, शके १८५९. सकाळ.
चुनीलालने सुरतेहून नवी मोटार आणली. दोन सीटांची, उघडी, लाल. माझीही दोन सीटांची, उघडी. रंग पूर्वी हिरवा होता. तालुक्यात स्पोर्ट्स मोटारी या दोनच, तेव्हा शर्यत होणारच. ठरलं: दसऱ्याला, नंदुरबारबाहेर मिरच्या वाळत घालतात त्या मैदानाला दोन फेऱ्या. मिरच्या यायला अजून अवकाश आहे.
अट चुनीलालची. मी हरलो तर शांतीलालच्या दुकानाच्या ओट्यावर होळीपर्यंत कविता म्हणायची नाही. जिंकलो तर सगळ्यांनी माझी 'शाळेची घंटा' शेवटपर्यंत बसून ऐकायची. गेल्या वर्षी तिसऱ्या कडव्याला सगळ्यांना एकदम आपापल्या म्हशी आठवल्या होत्या.

चतुर्थी.
प्रॅक्टिस उद्यापासून. पहाटे उठणे. कविता कमी, ड्रायव्हिंग जास्त.

पंचमी.
मी उठलो. मोटार उठली नाही. शर्यतीआधी विश्रांती हवीच. तिच्यात बसून चौथीच्या कविता म्हटल्या. आमचे गुरुजी छडीने ताल धरत, कधी टेबलावर, कधी आमच्यावर. काय दिवस होते. त्या तालावर आजही गियर बदलता येईल, मोटार सुरू झाली की.

सप्तमी.
गाव पूर्ण माझ्या बाजूने. ओट्यावर गेलो की विचारतात, "बापू, मोटार कशी शे?" खोकतेय म्हटलं की चेहरे खुलतात. मला धीर यावा म्हणून असेल.
आमच्या तापीबाईने देवीला नवस बोलला. कसला, विचारलं. म्हणाली, "देवीले सांगेल शे. तुमले कशाले?" चाळीस वर्षांच्या संसारात प्रेम असं न बोलता दिसतं.

नवमी.
मोटार गल्लीच्या टोकापर्यंत गेली. झकास वेग. परत आली नाही, कारण तिकडून चढ आहे.

दशमी, दसरा. दुपार.
मोटारीची पूजा केली. झेंडूची माळ स्वतः ओवली, पुढची जाळी सगळी झाकेल अशी. चुनीलालनेही पूजा केली, पण लगेच माळ काढून सीटवर ठेवली. मला म्हणतो, "मोतीभाऊ, माळ काढी टाक. गाडीले बी नाक ऱ्हास." दसऱ्याची माळ दसऱ्यालाच काढायची? मी काढली नाही. काढणार नाही.

तोच दिवस. दिवेलागण.
पहिल्या फेरीत मी पुढे होतो. चुनीलाल आपट्याची पानं वाटत मागे राहिला होता, पण पुढे ते पुढेच. मला पुढे बघून गर्दी एकदम गप्प झाली. तापीबाईने डोळे मिटून हात जोडले.
दुसऱ्या फेरीत पाणी उकळलं. पुढे नुसती वाफ, आणि झेंडू शिजल्याचा वास. मोटार थांबली. चुनीलाल गेला. जिंकून परत आला, माझी माळ काढली, इंजिन निवेपर्यंत शेजारी बसला, मग आपल्या छागळीतलं पाणी रेडिएटरमध्ये ओतलं. म्हणाला, "तुले सांगं व्हतं ना." सांगितलं होतं खरं. पण नव्या मोटारवाल्याच्या सुरात.
तरीही सुरू होईना. शेजारच्या दोधूने बैलजोडी लावून ओढत आणली. अट ओट्यापुरती आहे, रस्त्यापुरती नाही. म्हणून मोटारीत बसल्या बसल्या बैलांना 'शाळेची घंटा' ऐकवली. दुसऱ्या कडव्याला बैल पळत सुटले. आठवडाभरात मोटारीला एवढा वेग आला नव्हता. दोधू धापा टाकत म्हणाला, "बापू, हाई सकायमा गाडीले ऐकाडाले पाहिजे व्हतं."
रसिक माणूस. अजून कुठे कुठे असतात.

एकादशी. सकाळ.
तापीबाई नवस फेडायला देवळात गेली. म्हटलं, अगं, आपण हरलो. तर म्हणाली, "म्हनूनच तं जाई ऱ्हायनू." आळीतल्या सगळ्या बायका नारळ घेऊन तिच्यासोबत गेल्या.
ओट्यावर शांतीलाल पेढे वाटत होता. कशाचे, कोणी सांगेना.
मलाही दोन दिले. गप्प बसून खाल्ले.