व्हेरी गुडच्या पुढचे शब्द

मंगळवार, ३ मार्च

मॅग्नॅनिमस – मोठ्या मनाचा. सकाळी पाठ केला, दुपारी डोक्यातून गेला!

परवा नातीने फोनवर विचारलं, माझे डॅडी कसे होते? विचारलं इंग्रजीत. तिकडे वाढलेली, तिला मराठी येत नाही. मी म्हणालो, गुड. व्हेरी गुड. पुढे काही सुचेना. ती वाट बघत राहिली.

गुड तर चपलांचा जोडही असतो.

पोराचं परीक्षेचं पुस्तक माळ्यावरून काढलं. अवघड इंग्रजी शब्द, शेजारी मराठी अर्थ. तो गेला त्याला वर्ष होईल. पुस्तकाला अजून प्लॅस्टिकचं कव्हर आहे.

शुक्रवार, ६ मार्च

ही अर्थ वाचते, मी शब्द सांगतो. आणि शब्द ठेवायचा की नाही ते हीच ठरवते.

"चिकाटीचा."

"टेनेशियस."

"हा आपला नव्हे! गिटार आठवड्यात सोडली त्याने. हट्टी?"

"ऑब्स्टिनेट."

"हे घ्या. मितभाषी?"

मी आठवत बसलो.

"राहू द्या, ते तुम्ही."

हसलो दोघंही. कितीतरी दिवसांनी.

पुढचा अर्थ तिने सवयीने मोठ्याने वाचला – दिवंगत. पुस्तक मिटून उठली, गॅसपाशी गेली. गॅसवर काहीच नव्हतं.

रविवार, ८ मार्च

फजिती!

युवर डॅडी वॉज मॅग्नॅनिमस, म्हणालो. ऑब्स्टिनेट. ग्रिगेरियस, म्हणजे माणसांत रमणारा. एकही विसरलो नाही. पलीकडे छोटी आईला विचारत होती, आजोबा वाचून दाखवतायत का?

सूनबाई फोनवर आली. "बाबा, सहा वर्षांची आहे हो ती. मलाही नाही येत हे शब्द."

ही झोपताना म्हणाली, "झोपेत हसायचा, ते सांगा की."

खरंच, मोठमोठ्याने हसायचा. ते मात्र पुस्तकात नाही.

गुरुवार, १२ मार्च

"ही लॉफ्ड इन हिज स्लीप." यात एकही अवघड शब्द नाही. आरशासमोर म्हणून पाहिलं. निम्म्यावर थांबलो.

रविवार, १५ मार्च

फोन नाही. छोटी कुठेतरी खेळायला गेलीय म्हणे.

रविवार, २२ मार्च

नाही. ही म्हणते, तुम्ही लावून बघा. लावला. कुणी उचलला नाही.

रविवार, २९ मार्च

सूनबाईचा फोन. लग्न करतेय. बोलताना रडत होती. माणूस चांगला आहे, छोटीला जीव लावतो. तीही त्याला डॅडी म्हणायला लागलीय.

"बाबा, फोन करत जा. पण पहिल्या डॅडीबद्दल तिला आता काही सांगू नका. गोंधळते हो ती. चालेल ना?"

चालेल, म्हणालो.