सावडीचा सर्व्हर

२ जुलै
कंपनीने महिनाभर घरी पाठवलंय. सर्व्हर मी पाडला नव्हता, माझ्या हातून पडला. यातला फरक त्यांना कळला नाही. असो. गावी यायचंच होतं. आईचं मनगट मोडलंय आणि भाताची लावणी तोंडावर. आमच्याकडे सावड असते: रोज एकाच्या खाचरात सगळ्या घरांनी मिळून लावणी करायची, घरटी एक माणूस, ज्याचं खाचर त्याच्याकडे जेवण. आईच्या जागी यंदा मी. खाचर पडीक राहिलं तर महाळुंग्याच्या फार्महाऊसवाल्याला देऊन टाकीन, असं आईने निक्षून सांगितलं. उद्या सकाळी चिखलात. नक्की.

३ जुलै
गेलो नाही. कारण मोठं आहे. आज कुणाकडे, उद्या कुणाकडे, हे सगळं एकट्या पारूकाकीच्या डोक्यात असतं. काकी आजारी पडली तर? अख्ख्या गावाचा भात एका डोक्यावर! यालाच सिंगल पॉइंट ऑफ फेल्युअर म्हणतात. ॲप करतो. दोन दिवसांचं काम.

७ जुलै
दोन दिवसांचं काम संपत आलंय. अख्खा तालुका एकदम घुसला तरी पडणार नाही असं बांधलं. नियम एकच, कडक: ज्या घराचा हात दुसऱ्याच्या खाचरात लागला नाही, त्याची पाळी मागे. वशिला नको म्हणून ॲडमिनलाही तो बदलता येणार नाही. ॲडमिन मी.
आईने विचारलं, शेजारच्या भिवाजीच्या खाचरात गेला व्हतास का. म्हटलं, मी सगळ्यांच्याच खाचरांचं बघतोय. म्हणाली, आपलं बी बघ.

८ जुलै
गावातल्या सुना खूश. काकी आपल्या भावकीला आधी पाळी देते ही जुनी कुरबुर होतीच. सगळ्यांनी ॲप घेतलं. काकी म्हणाली, बरं झालं, माझ्या डोक्याची कटकट गेली.

११ जुलै
लाईट गेली. घाबरलो नाही. दुसरा सर्व्हर, म्हणजे माझा जुना लॅपटॉप, मुद्दाम भिवाजीकाकांच्या माळ्यावर ठेवला होता. तोही बंद. दोन्ही घरं एकाच डीपीवर, म्हणजे एकाच ट्रान्सफॉर्मरवर! धडा मिळाला. तो लॅपटॉप पौडला मित्राच्या दुकानात नेऊन ठेवला. एसटीच्या नादात दिवस गेला, लावणी हुकली. उद्या नक्की.

१३ जुलै
खाचरावर गेलो! बांधावर छत्री धरून लॅपटॉप उघडला. बायका म्हणाल्या, खाली उतर की. म्हटलं, मॉनिटरिंग चालू आहे.
आमची रोपं पिवळी पडायला लागलीत. रोपं जून, निबर झाली की गेलीच. आई सारखी जाऊन बघून येते. पण परवा आपली पाळी आहे. सिस्टिमवर विश्वास ठेवायला हवा.

१५ जुलै, सकाळी
आईने एका हाताने पातेलंभर वाटाण्याची उसळ केली, सगळ्यांसाठी.

साडेआठ
कुणीच नाही. ॲप उघडलं. 'या घराचा हात लागलेला नाही. पाळी पुढच्या घराला.' ॲडमिन म्हणून शिरलो. नियम हलेना. इतकं चोख काम मी कंपनीत कधी केलं नव्हतं.
धावत काकीकडे गेलो, हात जोडले. ती म्हणाली, माझ्याकडं असतं तर वैनीचा हात मोडलाय म्हणून पयली पाळी तिलाच दिली असती. आता समद्या मोबाईल बघून निघाल्यात, मी कुणाकुणाला मागं वळवू?
परत येताना रडू आलं. पातेलं तसंच भरलेलं.

१६ जुलै
प्लास्टरवर पिशवी बांधून आई खाचरात उतरली. मीही उतरलो. मी लावलेली रोपं संध्याकाळी पाण्यावर तरंगत होती. पौडचा सर्व्हर मात्र ठणठणीत.
आईने महाळुंगेवाल्याचा नंबर मागितला. तो माझ्याच फोनमध्ये आहे. म्हटलं, लाईट नाही, फोन बंद पडलाय. आईने डोक्यावर फिरणाऱ्या पंख्याकडे बघितलं.