दुसऱ्यांदा विचारलं नाही

अण्णा, तुम्हांला पत्र लिहिण्याचा आगाऊपणा करते आहे, त्याबद्दल आधीच क्षमा मागते. तुम्ही होतात तेव्हा तुमच्यासमोर चार वाक्यं सलग बोलण्याचा धीर मला कधी झाला नाही. आता उत्तर येणार नाही याची खात्री असताना हे धाडस करते आहे, आणि यात शौर्याचं काही नाही हे मला कळतं.

आपण नॉटिंगहॅमला आलो त्याच महिन्यातली एक संध्याकाळ मला अजून लख्ख दिसते. मराठी शाळेतून तालुक्यात पहिली आलेली तुमची मुलगी म्हणून तुम्ही मला हॉस्पिटलातल्या त्या डॉक्टरांच्या घरी मोठ्या कौतुकाने नेलं होतं. डॉक्टरीणबाईंनी लाडवांची ताटली पुढे केली आणि मी एक खाऊन लगेच दुसरा उचलला. परतताना रस्त्यावर तुम्ही थांबलात. "पहिल्यांदा विचारलं की नको म्हणायचं," तुम्ही म्हणालात, "दुसऱ्यांदाही नको. तिसऱ्यांदा विचारलं तर समोरच्याच्या मनात खरंच द्यायचं आहे असं समजायचं, आणि मग घ्यायचं." मी खाली बघत विचारलं, "आणि तिसऱ्यांदा विचारलंच नाही तर?" तुम्ही हसलात. "मग उपाशी राहायचं. पण मान ताठ ठेवून." तो नियम मी शाळेतल्या कवितेसारखा पाठ केला. म्हणूनच पुढे जे झालं ते मला समजलं नव्हतं, असं म्हणण्याची सोय माझ्यापाशी नाही.

तुम्ही कामाला होतात तो होजिअरीचा कारखाना बंद पडला आणि दर पंधरवड्याला आपण दोघं जॉबसेंटरला, त्या सरकारी रोजगार कचेरीत, जाऊ लागलो. तुमचं इंग्रजी यंत्रापुरतं होतं आणि माझं पुस्तकातलं. काम शोधतो आहे, मिळालं तर लगेच करीन, असं दर वेळी सही करून द्यायचं, आणि त्या सहीवर घरात पीठ, तांदूळ, दूध यायचं. देऊ केलेलं काम नाकारलं तर बेकारभत्ता कापला जाई. तुम्ही इस्त्रीचा शर्ट घालून, केसांना पाणी लावून निघायचात. "चला वकीलबाई," म्हणायचात मला. मी लाजायचे, आणि मला ते आवडायचंही.

त्या दिवशी काउंटरपलीकडे एक जाडसर, प्रेमळ चेहऱ्याची बाई बसली आहे. त्या गावच्या रीतीप्रमाणे ती सगळ्यांना लाडाने 'डक' म्हणते, तसं मलाही म्हणते. हॉस्पिटलच्या किचनमध्ये भांडी घासायला माणूस हवा आहे, सोमवारपासून, तुझे वडील करतील का? मी तुम्हांला मराठीत सांगते. तुमचा चेहरा उजळतो. तुम्ही खुर्चीतल्या खुर्चीत पुढे सरकता, हात जोडता आणि म्हणता, "नको नको, बाईंना कशाला त्रास! माझ्यापेक्षा एखाद्या तरण्याताठ्या माणसाला द्या म्हणावं." आणि मग तिच्याकडे पाहत हसत थांबता. ते हसणं मला ओळखीचं आहे. पंगतीत वाढणारा पुन्हा आपल्या पानाशी येईपर्यंत माणूस तसा हसत बसतो.

मी तिला सांगितलं, "ते नको म्हणतात. एखाद्या तरुण माणसाला द्या, म्हणतात."

तिने पेन खाली ठेवलं. "नक्की ना, डक?" तिने विचारलं.

अण्णा, तिने दुसऱ्यांदा विचारलं होतं. पण विचारलं मला, आणि मी ते तुमच्यापर्यंत येऊ दिलं नाही. मी मान हलवली. लाडवांच्या घरचे ते डॉक्टर त्याच हॉस्पिटलात होते, आणि त्यांची मुलगी माझ्याच वर्गात होती. गणपतीच्या कार्यक्रमात ती मला एवढंच विचारील, 'आमच्या बाबांच्या कॅन्टीनमध्ये असतात ते तुझे वडील ना?' या एका वाक्याच्या भीतीने मी मान हलवली.

बसमध्ये तुम्ही तिकिटं नीट घडी करून खिशात ठेवलीत. मग म्हणालात, "बघ, पुन्हा विचारलंच नाही बाईंनी. चांगली माणसं आहेत, पण आग्रह करता येत नाही गं यांना." मी खिडकीबाहेर पाहत होते.

भत्ता कापल्याचं कळलं तेव्हा स्वयंपाकघरात तुम्ही उभेच होतात. "मी काम नाकारलं कुठे? एकदाच तर नको म्हटलं!"

"तिथे काय लग्नाच्या पंगतीला बसला होतात?" आई कणीक मळता मळता कडाडली. "आणि ही विद्वान बरोबर होती ना? हिला सांगता आलं नाही?"

"पोरीला बोलू नकोस," तुम्ही म्हणालात. "मी बोललो तेच तिने सांगितलं. अक्षर न अक्षर बरोबर सांगितलं असणार. पहिल्या नंबराची आहे ती."

त्या वाक्यानंतर मला खरं बोलायला जागाच उरली नाही, असं मी अनेक वर्षं स्वतःला सांगत आले. जागा होती. तुम्ही समोर उभे होतात.

पुढचे आठवडे वरण पातळ होत गेलं. धाकट्या भावाला निदान शाळेत दुपारी पोटभर मिळायचं. तुम्ही घरच्या ताटावरही 'नको' म्हणू लागलात. आई तीनदा विचारायची आणि तुम्ही तिसऱ्यांदाही नको म्हणायचात. तुमचाच नियम तुम्ही मोडत होतात आणि आम्ही सगळे ते पाहत होतो. वसंतात तुम्हांला गोदामात काम लागलं, ताट पुन्हा भरलं. पण ती नको म्हणायची सवय मात्र शेवटपर्यंत सुटली नाही.

आता मी कार्डिफला विद्यापीठाच्या ग्रंथालयात आहे. इथे कुणी चहा विचारला की मी अजून पहिल्यांदा नको म्हणते, आणि ट्रे पुढे निघून जातो. आज सर्वपित्री अमावास्या. तुमचं पान मांडलं आहे: खीर, वडे, भोपळ्याची भाजी, आणि दोन पोळ्या, तूप लावून. मागच्या अंगणाच्या भिंतीवर ठेवणार आहे. इथे कावळ्यांच्या आधी समुद्रपक्षीच येतात. तेवढं चालवून घ्या.

हे पत्र कुठे पाठवायचं ते मला माहीत नाही, म्हणून पाठवत नाही. पण किचनची ती गोष्ट सांगून मी एक दुसरी लपवते आहे, हे लिहिता लिहिता ध्यानात आलं. त्याच दिवसांत एका संध्याकाळी आई शेजारी गेली होती आणि वाढायला मी होते. टोपलीत एकच पोळी उरली होती. "वाढू का?" मी विचारलं. "नको, भरलं पोट," तुम्ही म्हणालात, आणि तसेच हसत थांबलात. अण्णा, मला भूक लागली होती. मी दुसऱ्यांदा विचारलं नाही.

आज तीनदा विचारलं.

पान बाहेर ठेवलं: कार्डिफ, शनिवार, १२ ऑक्टोबर १९९६, दुपारी साडेबारा.