हॉट प्रेसमधल्या एकशे बारा बाटल्यांची विल्हेवाट

माझ्या संग्रहातील एकशे बारा इटालियन बाटल्यांपैकी एकशे सहा बाटल्यांमधली वाइन शिजून वाया गेली आहे. ही बाब रविवार, १४ सप्टेंबर रोजी माझी मुलगी स्वानंदी हिने चाखून निश्चित केली. माझी बुद्धी मात्र शाबूत आहे. ही बाब सोमवार, १५ सप्टेंबर रोजी डॉ. शिव्हॉन डोलन यांनी तपासून निश्चित केली. त्यांचा दाखला सोबत जोडला आहे. दोन्ही निष्कर्ष मला मान्य आहेत. दुसरा मान्य करणे सोपे गेले.

मी, सुभाष गणपती जमदाडे, वय वर्षे सहासष्ट, मूळचा तासगाव, जिल्हा सांगली येथील, गेली चोवीस वर्षे राहणार ॲथलोन, आयर्लंड. पूर्वी पुण्याच्या एका दैनिकात उपसंपादक, नंतर इथल्या दूरसंचार कंपनीत यंत्रांच्या माहितीपुस्तिका लिहिणारा, आता निवृत्त व विधुर. कोणाच्याही दडपणाखाली न येता आणि कोणतीही नशा न करता (घरात पिण्यालायक फारसे उरलेले नाही) हे मृत्युपत्र लिहून ठेवत आहे. परवा, गुरुवारी सकाळी, डब्लिनमध्ये माझ्या हृदयाची झडप बदलणार आहेत. त्याआधी या कागदावर सही झाली नाही आणि माझे काही बरेवाईट झाले, तर २०२१ साली केलेले मृत्युपत्र लागू राहील आणि हे घर स्वानंदीऐवजी एका वाइन मंडळाकडे जाईल. ते होऊ नये, एवढ्यासाठी हा खटाटोप.

याची इंग्रजी प्रत वकील फर्गल नॉटन यांनी केली आहे. दोन्हींत फरक आढळल्यास मालमत्तेच्या बाबतीत इंग्रजी आणि टोमण्यांच्या बाबतीत मराठी प्रत ग्राह्य धरावी.

१. २०२१ चे मृत्युपत्र मी याद्वारे रद्द करतो. ते रागात केले होते. राग आला की मी नीटनेटके लिहितो, ही वृत्तपत्रातली सवय. त्यामुळे त्या कागदात एकही चूक नाही, हीच त्याची मुख्य चूक. स्वानंदीने त्या वर्षी डब्लिनमधल्या ग्रँड कॅनाल डॉकवरची संगणकाची नोकरी सोडली आणि व्हेरोनाजवळच्या वाल्पोलिचेल्ला टेकड्यांवर द्राक्षबागेत कामाला लागली. तिथे आमारोने नावाची वाइन करतात. तोडलेली द्राक्षे माडीवर बांबूच्या फळ्यांवर पसरून तीन-चार महिने वाळवायची, निम्मी सुकली की मग गाळायची, अशी तिथली जुनी रीत आहे. या रीतीवर मी मंडळात पाऊण तासाचे व्याख्यान देत असे. मुलीने तीच रीत शिकायला जाते म्हटल्यावर मी तिला म्हणालो, "तुझा आजोबा तासगावात हेच करायचा. त्याला डब्लिनची पदवी लागली नव्हती." त्यानंतर आम्ही चार वर्षे बोललो नाही.

हे विधान मी मागे घेतो. आजोबांविषयीचा भाग खरा होता.

२. आता मंडळाविषयी. मिडलंड्स मराठी द्राक्षास्वाद मंडळ मी २०१२ साली स्थापन केले. महिन्याच्या शेवटच्या शनिवारी पुण्या-मुंबई-नागपूरकडची आठ-दहा मंडळी डब्लिनहून ट्रेनने येत, माझ्या बैठकीच्या खोलीत बसत आणि मी इटलीचा एकेक प्रांत उघडत असे. इटलीत वीस प्रांत आहेत आणि प्रत्येकाची खात्री आहे की उरलेले एकोणीस चांगल्या द्राक्षांची नासाडी करतात. पुण्यात बारा वर्षे काढल्यामुळे हे मला लगेच समजले. पिएमोंतेचा माणूस आपल्या बारोलो वाइनबद्दल बोलताना आवाज खाली आणतो, तोस्कानाचा माणूस कियांतीबद्दल बोलताना आवाज चढवतो आणि एमिलियातला माणूस फेसाळ, थंड, लाल लाम्ब्रुस्को डुकराच्या चरबीदार मांसाबरोबर पीत दोघांना हसतो. आमच्या मंडळाने लाम्ब्रुस्कोत बर्फ घातला आणि बरोबर भाजक्या पोह्यांचा चिवडा घेतला. नागपूरकडच्या एका सभासदाने पेला रिकामा करून विचारले, "सरबत झालं काका, वाइन कधी?"

मंडळाचा सध्याचा अध्यक्ष विक्रांत दामले, वय चव्वेचाळीस, ग्रँड कॅनाल डॉकवर मोठ्या हुद्द्यावर आहे. तो बाटली आधी फोनला दाखवतो. फोनने गुण दिले की चाखतो आणि फोनशी सहमत होतो. माझे घर मंडळाला मिळणार, हे त्याने मी जिवंत असतानाच जाहीर केले आहे. वरच्या मजल्यावर कोणती भिंत पाडायची, हेही ठरले आहे. मला त्याने आराखडा दाखवला तेव्हा मी झोपतो ती खोली त्यात नव्हती.

३. वाइन कशी शिजली, हे नोंदवणे भाग आहे, कारण दोषी मी आहे. इथल्या घरांत गरम पाण्याच्या टाकीभोवती एक कपाट असते, त्याला हॉट प्रेस म्हणतात. लोक त्यात टॉवेल आणि चादरी ठेवतात. माझी पत्नी उर्मिला त्यात दही लावायची आणि इडलीचे पीठ आंबवायची. वाइन अंधारात, हलणार नाही अशा जागी, स्थिर तापमानात ठेवावी, असे मी वाचले होते. हॉट प्रेसमध्ये अंधार होता, हालचाल नव्हती आणि तापमान बारा महिने स्थिर होते. ते किती असावे, हे पुढच्या पानावर असणार. एकोणीस वर्षे मी लोकांसाठी माहितीपुस्तिका लिहिल्या, दुसऱ्याची शेवटपर्यंत वाचली नाही.

उर्मिला म्हणाली होती, "अहो, तिथे माझं दही चार तासांत लागतं. तुमच्या वाइनचं काय होईल?"

मी तिला द्राक्ष आणि दूध यांतला फरक समजावून सांगितला. तिने दह्याचे भांडे बाहेर काढले. २०१९ साली ती गेली, तोवर तिला या घरात घट्ट दही लागलेले मिळाले नाही. तिचे ते दह्याचे स्टीलचे सट स्वानंदीला द्यावे.

तेरा वर्षे मंडळाने ही शिजलेली वाइन घेतली आणि तिच्यात वाळलेले अंजीर, जुने चामडे, जळका गूळ व इटलीची माती शोधून काढली. मीच शिकवले होते. विक्रांत एकदा पिएमोंतेला सुट्टीवर गेला, तिथल्या खाणावळीत बारोलो मागवला आणि परत केला. येऊन मला म्हणाला, "सर, तिकडे टुरिस्टला बनवतात. ओरिजिनल चव फक्त तुमच्याकडे."

परवा रविवारी तो मला भेटायला सफरचंदे घेऊन आला होता. माझी शस्त्रक्रिया कळल्यापासून स्वानंदी दहा दिवस इथेच आहे. आल्या दिवसापासून आम्ही फक्त गोळ्यांच्या वेळांबद्दल बोलत होतो. ती टॉवेल घ्यायला वर गेली, हॉट प्रेस उघडला आणि बराच वेळ खाली आली नाही. मग नमुन्याच्या काही बाटल्या कवटाळून आली आणि ओट्यापाशी एकेक उघडू लागली. वास घ्यायची, घोट घ्यायची, सिंकमध्ये थुंकायची.

"बाबा, दॅट्स नॉट अ प्रेस, दॅट्स ॲन ओव्हन."

"सगळ्या?" मी विचारले.

तिने आमारोनेची बाटली पुढे केली. विक्रांतने घोट घेतला, डोळे मिटले आणि म्हणाला, "अंजीर. क्लासिक. स्वानंदी, तुला ही स्टाइल माहीत नसेल. प्रॉपर आमारोने असाच लागतो."

"विक्रांतदादा, मी करते तो," ती म्हणाली. "इट्स माय जॉब."

त्याने फोनकडे पाहिले. फोनने त्या बाटलीला उत्तम गुण दिले होते.

४. सबब, वाया गेलेल्या बाटल्या, रविवारी फोडलेल्या वगळून, मी मंडळाला देतो. तीच चव त्यांना खरी वाटते. ती त्यांच्यापासून हिरावून घेणे क्रूरपणा होईल. माझी टिपणांची चार बाडे व चामडी बैठकीची खुर्चीही त्यांनी न्यावी. यातले विक्रांतला काहीही मिळणार नाही. या देशाच्या कायद्याने मृत्युपत्राच्या साक्षीदाराला त्यातून लाभ घेता येत नाही. तो गेली तीन वर्षे "सर, साक्षीदार मीच" म्हणतो आहे, म्हणून मी त्याचा आग्रह मान्य केला. शिजलेल्या वाइनपासून त्याला वाचवायचा दुसरा उपाय मला सुचला नाही. हे कलम आणि पुढचे सगळे मी त्याला आज वाचून दाखवले. त्याच्या कानात ऑफिसची मीटिंग चालू होती. तो म्हणाला, "ग्रँड, सर," म्हणजे इथल्या बोलीत ठीक आहे.

५. सहा बाटल्या वाचल्या. चार विन सांतोच्या आणि दोन मार्सालाच्या. तोस्कानात विन सांतो छपराखालच्या माळ्यावर लहान पिंपांत वर्षानुवर्षे ठेवतात; उन्हाळ्यात तापू देतात, हिवाळ्यात गारठू देतात. सिसिलीच्या मार्सालात मुळातच दारू मिसळलेली असते आणि ती समुद्रप्रवासाला टिकेल अशी बनवत. ज्यांनी आधीच उष्णता सोसली होती, त्याच तगल्या. यातून जीवनविषयक बोध काढण्याचा मोह मी आवरतो; वकील पानांप्रमाणे आकार लावतात.

मार्सालाच्या दोन्ही बाटल्या माझ्या शेजारीण नोरीन फॅलन यांना देणार होतो. त्याही साक्षीदार असल्याने कायद्याने देता येत नाहीत, म्हणून काल हयातीतच दिल्या. त्यांनी एक तिथेच उघडली आणि ख्रिसमसच्या केकला चालेल म्हणाल्या. माझ्या संग्रहाचे इतके प्रामाणिक परीक्षण आजवर झाले नव्हते. विन सांतोच्या चारही बाटल्या स्वानंदीच्या.

६. इथे एक गोष्ट लिहून ठेवतो, जी मंडळात कधी सांगितली नाही. माझ्या वडिलांची तासगावला बेदाण्याची शेड होती. जाळ्यांचे एकावर एक थर, त्यांवर पसरलेली द्राक्षे, पंधरा-वीस दिवसांत बेदाणा. शाळा सुटली की मी जाळ्यांखालचा कचरा काढायचो. हात चिकट असायचे आणि शर्टाला आंबूस वास यायचा, म्हणून वर्गात माझ्या बाकावर कोणी बसत नसे. मी पुण्याला पळालो तो त्या वासापासून. पुढे वाल्पोलिचेल्लातल्या माडीचा फोटो पडद्यावर दाखवून "शतकांची परंपरा" म्हणताना माझा आवाज भरून यायचा. तासगावची शेड आणि ती माडी यांत फरक एवढाच की माडीचे कौतुक इंग्रजीत छापून येत होते.

७. हे घर, त्यातील सामान व माझी शिल्लक मी स्वानंदीला देतो, पूर्णपणे आणि विनाअट. ती जिथे काम करते त्या बागेचे मालक एक्क्याऐंशी वर्षांचे आहेत. त्यांच्या मुलांना पंखे लावून प्लास्टिकच्या क्रेटमध्ये द्राक्षे वाळवायची आहेत. म्हाताऱ्याला बांबूच्या फळ्या ठेवणारा माणूस हवा आहे. बागेचा एक उतार आणि माडी तो स्वानंदीला विकायला तयार आहे. या हंगामाच्या शेवटापर्यंत तो थांबेल. २०२१ साली तिने ही रीत शिकायलाच माझी मदत मागितली होती. मी जे उत्तर दिले ते पहिल्या कलमात आले आहे.

रविवारी विक्रांत गेल्यावर मी तिला विचारले की, एवढ्या लोकांतून म्हाताऱ्याने तुलाच का निवडले.

ती इंग्रजीत बोलली, मी मराठीत नोंदवतो. त्याने तिला पहिल्याच दिवशी विचारले होते, वाळवण्याबद्दल तुला काय कळते? ती म्हणाली, माझे आजोबा बेदाणे करायचे. त्याने पुढे काही विचारले नाही, तिला थेट माडीवर नेले.

"बट यू टोल्ड मी दॅट, बाबा," ती म्हणाली. "भांडताना. तोवर मला माहीतच नव्हतं."

मी वाचलो, तर या कलमासाठी माझ्या मरणाची वाट पाहू नये. नॉटन यांना सूचना दिली आहे. ऑक्टोबरमध्ये घर विक्रीला निघेल. मी भाड्याची एक खोली घेईन, जिच्यात हॉट प्रेस नसेल.

८. अंत्यविधीबाबत माझी काही इच्छा नाही, एक अट आहे. मंडळाने भाषण करू नये.

९. शेवटचा मुद्दा अजून वादात आहे. वाल्पोलिचेल्लातली तोडणी गुरुवारीच सुरू होते, हे काल संध्याकाळी तिथल्या मालकांनी फोनवर कळवले. म्हणून मी स्वानंदीचे उद्या, बुधवारी सायंकाळचे विमानाचे तिकीट काढले. ती ते रद्द करायला निघाली होती. आज सकाळी ओट्यापाशी झालेले बोलणे असे:

"जा तू," मी म्हणालो. "इथे बसून झडप लवकर बसणार नाही."

"द ग्रेप्स कॅन वेट."

"हे तासगावच्या माणसाला सांगतेस?"

तिने चहा ओट्यावर ठेवला. मग म्हणाली, "मग तू थांब. मी परत येईपर्यंत तू थांबायचं, कळलं?" हे सगळे तिने मराठीत सांगितले. मी हो म्हणालो. या मृत्युपत्रातील हे एकच कलम असे आहे की, ते पाळणे माझ्या हातात नाही.

गुरुवारी सकाळी आठ वाजता मला आत नेतील; इटलीत तेव्हा नऊ वाजलेले असतील आणि ती उतारावर असेल. दुपारी चारपर्यंत मी शुद्धीवर येईन, अशी डॉक्टरांची अपेक्षा आहे. पहिला फोन मी करायचा, असे ठरले आहे.

हे सर्व मी माझ्या हाताने लिहिले, वाचले, दोन ठिकाणी सौम्य केले आणि खालील दोघे एकाच वेळी हजर असताना त्यांच्यासमोर सही केली. त्यांनीही माझ्यासमोर केली.

लिहून ठेवणार: सुभाष गणपती जमदाडे (सही)

साक्षीदार १: नोरीन फॅलन, शेजारीण (सही)

साक्षीदार २: विक्रांत दामले, अध्यक्ष, मिडलंड्स मराठी द्राक्षास्वाद मंडळ (सही, मीटिंग संपल्यावर)

स्थळ: ॲथलोन
दिनांक: मंगळवार, १६ सप्टेंबर २०२५